गजा बाटली घेत नाही

माझी जीभ लांब आहे, हे भिसेगावात कुणालाही विचारा. त्या जिभेनं मी पुष्कळ जणींना रडवलं. पण माझ्याच घरात मी जे करून ठेवलं, ते एका सुनेशिवाय कुणाला ठाऊक नाही.

ही गोष्ट शहात्तर सालची. माझी सून जयवंता मॅट्रिक झालेली, खोपोलीच्या एका कारखान्यात डबे भरायच्या खात्यात लागलेली. आमच्या भावकीत पगार आणणारी ती पहिलीच बाई. होळीनंतर तिला कायम करणार होते. पण बाळंतपणाची रजा संपेल त्या दिवशी हजर झालीच पाहिजे, नाहीतर तुझ्या जागी दुसरी मुलगी घेऊ, असं साहेबानं बजावून ठेवलं होतं. तिचा सगळा जीव त्या नोकरीत. पोटुशी असताना ओकाऱ्या काढत गाडी पकडायची, पण खाडा म्हणून नाही.

नातू झाला, त्याचं नाव गजा ठेवलं. तो दीड महिन्याचा झाला तेव्हा जयवंता त्याला कर्जतच्या डॉक्टरीणबाईंकडे दाखवून आली, आणि येताना पावडरच्या दुधाचा डबा न् काचेची बाटली घेऊन आली. दिवसातून एकदा आतापासूनच बाटली द्या, म्हणजे रजा संपेपर्यंत सवय होईल, असं बाईंनी सांगितलं होतं. पाणी उकळायचं, बाटली उकळायची. आणि मुख्य म्हणजे आईनं द्यायची नाही. आईचा वास आला की पोर अंगावरचंच मागतं. घरातल्या दुसऱ्या बाईनं पाजायचं, आणि तेवढा वेळ आईनं घराबाहेर जायचं.

घरातली दुसरी बाई म्हणजे मी.

"आत्याबाय, आता तुमच्यावरच हाय बगा सगळं," जयवंता म्हणाली. मी मान डोलावली, पण ती बाटली मला घरात नको होती.

त्याचं कारण आमची शेजारीण बायजा. जयवंता लग्न होऊन यायच्या आधी बायजाची लेक भागी बाळंतपणाला आली होती. भागीला दूध आलं नाही, म्हणून बायजानं बाटली आणली. मी विहिरीवर, दहा बायकांत, मोठ्यानं म्हणाले होते, "आमच्या घरातल्या बायांना दूध येतं बाई, बाटल्या नाय येत." सगळ्या हसल्या. भागी हंडा तसाच टाकून घरी गेली. बायजा तीन महिने माझ्याशी बोलली नाही. मग आपणहून बोलायला लागली, कारण ती माझ्यापेक्षा भली आहे. आणि आता तीच बाटली माझ्या चुलीशी उपडी घातलेली! कुंपणापलीकडून बायजाला आमचं मागचं दार सरळ दिसतं.

पहिल्या दिवशी जयवंता देवळाच्या पायरीवर जाऊन बसली. मी गजाला मांडीवर घेतलं आणि रबराचं बोंड त्याच्या ओठाला लावलं. त्यानं दोनदा तोंड वेडंवाकडं केलं. तिसऱ्यांदा चोखलं, आणि मग असा ओढायला लागला की मला हसू फुटलं. अर्धी बाटली संपली असेल नसेल, मागच्या दारातून हाक आली, "सोनुबाय, हायस का? वाल सोलाया बसू म्हटलं."

मी बाटली त्याच्या तोंडातून उपसली आणि तांदळाच्या पिंपात कोंबली. पोरानं टाहो फोडला.

"का गं रडतोय?" बायजानं विचारलं.

"भूक लागलीय. आई येल न् पाजील," मी म्हणाले.

बायजा तासभर बसली. आम्ही वाल सोलले. मांडीवर पोर रडून लाल झालं होतं आणि दूध माझ्यापासून हातभर अंतरावर होतं. ताकाला जाऊन भांडं लपवावं, तसली माझी गत. जयवंता कोपऱ्यावरूनच रडणं ऐकून धावत आली. बायजा गेल्यावर तिनं विचारलं, "घेतली का वो?"

"नाय गं. तोंडच लावत नाय."

एवढं सोपं गेलं ते. तेव्हाच सांगून टाकलं असतं तर काय बिघडणार होतं? पण मनात आलं, यानं बाटली घेतली म्हणजे ती वर्षभर या घरात नांदणार. बायजा काही बोळ्यानं दूध पीत नाही. एक दिवस ती बघणार आणि गालातल्या गालात हसणार. ते हसू मला नको होतं.

आठ दिवस मी हेच केलं. जयवंता बाहेर गेली की दूध मांजरीच्या वाडग्यात ओतायचं आणि पोराला खांद्यावर घेऊन नाचवायचं. जयवंता मात्र हरेना. तिनं तापल्या सुईनं बोंडाचं भोक मोठं करून पाहिलं. दूध गार होतंय म्हणून बाटलीला फडकं गुंडाळलं. मग तिला वाटलं, आईचा वास नाही म्हणूनच घाबरत असेल, तर तिनं स्वतःचं अंगावरचं लुगडं सोडून मला नेसायला दिलं आणि आपण जुनेर नेसून नदीवर जाऊन बसली. सुनेचं लुगडं नेसून मी मांजरीला दूध पाजलं. आजही ते आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

रजा संपायच्या आदल्या संध्याकाळी ती म्हणाली, "उद्या जाऊन सांगून येते साहेबाला. पोर दिवसभर उपाशी ठेवून मला काम नाय व्हायचं."

माझा मुलगा सदू वालाच्या शेतातून नुकता आला होता. "तुजं तू बग," एवढंच तो बोलला. मी भाकरी उलटली. खरं सांगायला तेवढी एक वेळ होती. मी दुसरी भाकरी थापायला घेतली.

सकाळी ती गेली. अकराच्या सुमाराला गजा भुकेनं कळवळायला लागला. ती दोनशिवाय येणार नव्हती. मी पुढचं न् मागचं अशी दोन्ही दारं लावली आणि त्याला बाटली दिली. त्यानं शेवटच्या थेंबापर्यंत ओढली, ढेकर दिला आणि माझं बोट धरून झोपला. मी बाटली धुऊन, पुसून जागेवर ठेवली. जयवंता आली की सांगू, असं मनाशी म्हणत होते, जसा काही त्याचा तेव्हा उपयोग होता.

दोनला ती आली. चोळी पुढून चिंब भिजलेली. हातपाय धुतले न धुतले तोच तिनं गजाला उचलून पदराखाली घेतलं. त्यानं तोंड फिरवलं. तिनं पुन्हा लावलं, त्यानं पुन्हा फिरवलं. मग तिनं वाकून त्याच्या तोंडाचा वास घेतला.



"कदीपासून घेतोय?" तिनं विचारलं.

"पयल्या दिसापासून," मी म्हणाले.

तिनं पोर माझ्या मांडीवर ठेवलं आणि मोरीत जाऊन, माझ्याकडे पाठ करून, दाटलेलं दूध पिळायला बसली. ते किती दुखतं ते कुठल्याही बाईला सांगायला नको. तिनं ओरडावं, शिव्या घालाव्यात, असं मला फार वाटत होतं. भांडणाला उत्तर द्यायला मला येतं. ती दूध पिळत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायजा कुंपणाशी आली. "जयवंता, आज गाडीला नाय गेलीस गं?"

जयवंता धुणं वाळत घालत होती. "नोकरी सोडली, काकू. गजा बाटली घेईना. आत्याबायनी आठ दिस जिवाचं रान केलं, पर त्यानं तोंड नाय लावलं."

माझ्या हातातली राख तशीच भांड्यावर राहिली. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

बायजाचा चेहरा पडला. "अगं, आमच्या भागीच्या पोरानं बी आदी नवती घेतली. मी बोंडाला मध लावून, फिरवत फिरवत पाजली, तवा कुटं लागला. सोनुबाय, मला हाक मारायची नाय का? मी आली असती की गं रोज पाजाया. पोरीची नोकरी वाचली असती."

जयवंता एक लंगोट झटकून दोरीवर पसरत होती. दोघी माझ्या उत्तराची वाट बघत थांबल्या.

"सुचलंच नाय गं," मी म्हणाले.