साबणाच्या वडीतलं रक्त

पूर्वेकडच्या समुद्रातल्या एका बेटावर, बंदराजवळच्या गावघराच्या, म्हणजे गावाच्या सभाघराच्या, अंगणात त्या दिवशी मुंगीला शिरायला जागा नव्हती. समुद्री शेवाळ वाळत घालायचं काम अर्ध्यात टाकून बाया आल्या होत्या. पुरुष फाटकी जाळी खांद्यावर घेऊन तसेच उभे होते. आणि मधोमध, रेशमी चटईवर, नागमहालाची बोसालबाई पाय दुमडून बसली होती. म्हणाल तर अंगात येणारी, म्हणाल तर फिरती विक्रेती. समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या नागराजाशी आपलं रोजचं बोलणं आहे, असं ती सांगे. नागराजाला दुसरा काही उद्योग नसावा.

"एक वडी, सगळं घर!" ती कडाडली. "सासू त्याच वडीनं धुते, सून त्याच वडीनं धुते, लेकरूही त्याच वडीनं धुतं! मळ पाण्याबरोबर जातो गं बायांनो, पण पाप कुठं जातं? मेलेल्यांचा तळतळाट कुठं जातो?"

बाया एकमेकींकडे बघू लागल्या.

"वडीत मुरतो! आणि एकाच्या हातावरून दुसऱ्याच्या हातावर चढतो. खोटं वाटतं? ये, तू ये पुढं. घरची वडी आणलीस ना? धू हात. पुसायचे नाहीत हां! देवापुढं ओलं यायचं."

एका बाईनं परातीत हात धुतले. बोसालबाईनं पिवळ्याधमक ताईताचा कागद पुढं केला. बाईनं ओला तळवा त्यावर टेकवला आणि उचलला. कागदावर पाच बोटांचा लालभडक पंजा उमटला होता.

अंगणात एकच किंकाळी उठली.

मग बोसालबाईनं दाबून फवारा उडवायची हिरवी बाटली काढली. असली बाटली बेटावर तेव्हा नवलाचीच होती. त्यातल्या पातळ, वासाच्या साबणानं, म्हणजे 'नागराजाच्या मोत्याच्या पाण्यानं', तिनं त्याच बाईचे हात पुन्हा नीट धुवून घेतले. नवा कागद. ओला तळवा. कागद पिवळाच!

"हे पाणी बाटलीतून थेट तळव्यावर पडतं. मधे कुणाचा हात लागत नाही, कुणाचं पाप लागत नाही!"

लोक परातीवर तुटून पडले. ज्यानं त्यानं घरच्या वडीचा लाल पंजा पाहिला आणि ज्यानं त्यानं बाटली घेतली. बाटली संपली की बोसालबाई आपल्या मोठ्या पिंपातून ती पुन्हा भरून देई. कुणी तांदूळ दिले, कुणी वाळवलेली मासळी दिली. मालसुननं बोटातली अंगठी काढून दिली.

तिला दुसरं सुचतच नव्हतं. तिचा नवरा खोल समुद्रातल्या बोटीवर होता. घरात ती, तिची सासू ओकबुन आणि पाच वर्षांची सेबोम. उकळत्या सुपाचं भांडं कलंडून पोरीचा हात कोपरापर्यंत भाजला होता. आरोग्यकेंद्रातले तरुण डॉक्टर प्यो रोज पट्टी बदलत, "भरतंय, पण वेळ लागेल," म्हणत. बोसालबाईनं मात्र जखम नुसती पाहिली आणि डोळे मिटले.

"ही जखम भाजल्याची नाही. ही घरातल्याच कुणाच्या तरी हाताची आहे. पट्ट्या सोड. सकाळ-संध्याकाळ मोत्याच्या पाण्यानं धू. सुईवाल्या डॉक्टरकडे गेलीस तर नागराजा उठून जाईल."

मालसुननं पट्ट्या सोडल्या.

काही दिवसांनी बोसालबाई घरी आली आणि तिनं सगळ्यांना रोजच्यासारखे हात धुऊन कागदावर टेकवायला लावले. मालसुनचा कागद पिवळा निघाला, सेबोमचा पिवळा निघाला. ओकबुननं हात टेकवला आणि कागद लाल झाला.

"आई!" मालसुन ओरडली. "तुम्ही बाटली वापरत नव्हतात?"

"अगं, त्या बुळबुळीत पाण्यानं मासळीचा वास जातो का हाताचा?" म्हातारी गांगरून म्हणाली. "मी आपली माझी वडीच वापरत होते. जन्मभर तीच वापरली."

बोसालबाई दोन पावलं मागं सरकली. "सापडली बाधा. हिच्याच हातात आहे. हिला बाटलीला शिवू देऊ नका, सगळं पाणी नासेल. पोरीला तर बिलकूल शिवू देऊ नका."

"सेबोमची आई," ओकबुन सुनेकडे बघत म्हणाली, "या हातांनी पोरीला न्हाऊमाखू घातलंय मी. तू तेव्हा बाळंतपणात तापानं पडली होतीस."

मालसुनला ते आठवत होतं. तरी तिनं मान वळवली. पोरीचा हात सुजून जड झाला होता. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. पण बुडता माणूस कधीकधी काडी धरायला शेजारच्याला ढकलतो, हे कुणी सांगत नाही.

"आई, थोडे दिवस शेवाळाच्या खोपटात राहा," ती म्हणाली. "पोर बरी होईपर्यंत."

ओकबुन गेली. खोपटात दगडावर बसून ती दिवसभर हात धूत राही. बाटलीला शिवायची बंदी, मग उरली वडी. कपड्यांची कडक वडी घ्यायची, घासायची, वाळू लावून पुन्हा घासायची. बोटांची कातडी सोलून निघाली. बोसालबाई येऊन कागद पुढं करी आणि म्हातारीनं जितकं जास्त धुतलेलं असे, तितका कागद जास्त लाल होई. शेजारणी तिच्यासाठी वाडगा दारापासून लांब ठेवून पळत. ओकबुन वाडग्याला हात लावीना. "माझा हात लागला तर तुमचं भांडं नासेल," म्हणे.

इकडे सेबोमची जखम हिरवट पडली. तिला गोडसर, कुबट वास येऊ लागला. अंगात ताप भरला. एका सकाळी पोरीनं आईला ओळखलंच नाही. ती "आजी, आजी" करत भिंतीशी बोलू लागली. मालसुननं तिला पाठीशी बांधलं आणि वाऱ्यापावसातून चढण चढत आरोग्यकेंद्र गाठलं.

डॉक्टर प्योंनी फडकं उचललं आणि त्यांचा चेहराच पडला. "कशानं धुताय ही जखम?"

मालसुननं कमरेला खोचलेली बाटली काढली. बाटलीच्या तळाशी धाग्यासारखं काहीतरी तरंगत होतं.

"बाई, तुम्ही आई आहात की कोण?" ते ओरडले. पण तिचा चेहरा पाहून त्यांनी आवाज खाली आणला. समुद्र खवळला होता, मुख्य भूमीकडची बोट बंद होती. "इथंच ठेवतो हिला. सलाईन लावतो, औषध चढवतो. बोट सुटली की मोठ्या दवाखान्यात. जगेल असं वचन देत नाही मी."

ते दिवस कसे गेले हे मालसुनला नंतर कधीच नीट सांगता आलं नाही. ती पोरीच्या उशाशी बसून राही. डॉक्टर मधेच पाकिटातली पिवळी करी भातावर ओतून उभ्या उभ्या खात. एकदा घाईत वाडगा कलंडला आणि त्यांच्या पांढऱ्या कोटाच्या बाहीवर मोठा पिवळा डाग पडला.

"द्या, मी धुते," मालसुन म्हणाली. दुसरं काही तरी हाताला हवं होतं.

तिनं बाही ओली केली आणि डागावर साबणाची वडी घासली. डाग लाल झाला. ताज्या रक्तासारखा लाल.

मालसुनच्या हातातून कोट गळून पडला. ती भिंतीला टेकली. "माझ्यात पण आलं," ती पुटपुटली. "माझ्या हातात पण आलं." मग एकदम दाराकडे धावली.

"कुठं निघालात? पोर इथं आहे!"

"तिला शिवायला नको मी! माझ्या हातानं मरेल ती! तुम्हीच बघा तिच्याकडे, डॉक्टर, पाया पडते!"

डॉक्टरांनी दार अडवलं. "काय आलं तुमच्या हातात? नीट सांगा."

तिनं हुंदके देत सगळं सांगितलं. पिवळा कागद, लाल पंजा, खोपटातली सासू. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी कोट उचलला, डागाकडे पाहत राहिले. मग करीचं रिकामं पाकीट फाडून उरलेली भुकटी पाण्यात कालवली आणि जुन्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला फासली.

"ही वडी घ्या. मी हात धुतो. माझ्या हातात कुणाचं पाप आहे ते बघू."

त्यांचा पंजा लाल उमटला.

"आता तुमची बाटली."

हात स्वच्छ करून पुन्हा बाटलीतल्या साबणानं धुतले. कागद पिवळाच. मग त्यांनी शिरक्याचे, म्हणजे आंबट व्हिनेगरचे, दोन थेंब लाल पंज्यावर टाकले. मालसुनच्या डोळ्यांदेखत तो पंजा पुन्हा पिवळा झाला.

"हळद," डॉक्टर म्हणाले. "या पिवळ्या भुकटीत हळद असते. तिचा ताईताचा कागदही हळदीनंच रंगवलेला. वडीच्या साबणात क्षार असतो, हळदीला क्षार लागला की ती लाल होते. या बाटलीतल्या साबणात तसा क्षार नाही, म्हणून होत नाही. आंबट लागलं की लाली उतरते. झालं. एवढाच नागराजा."

ज्यांच्या घरात हळद रोज फोडणीत पडते, त्यांना हे केव्हाच कळलं असेल. साडीवर वरणाचा डाग पडला की साबण लावताच तो कुंकवासारखा होतो, हे कुठल्याही बाईला विचारा. पण त्या बेटावर हळद माहीत होती कुणाला? जे आपल्या रोजच्या पाहण्यातलं नाही, तिथंच तर चमत्काराचं दुकान लागतं.

मालसुननं तो कागद उचलून पुन्हा पुन्हा पाहिला. मग म्हणाली, "म्हणजे आई जितकं धूत होत्या..."

"तितका कागद लाल होत होता. हो."

तिनं तोंडात बाही कोंबली.

वारा पडला. बोट आली, डॉक्टर आणि मालसुन सेबोमला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. मालसुनची बहीण तिच्याजवळ थांबली. बाटलीतलं पाणीही तपासायला गेलं. पोर वाचेल असं कळलं तेव्हा मालसुन परत आली आणि सरळ गावघराच्या अंगणात शिरली. डॉक्टर मागोमाग होते.

बोसालबाईची परात मांडलेलीच होती. "आलीस? पोर सुईवाल्याच्या हवाली केलीस! नागराजा—"

"नागराजाला जरा दम धरायला सांगा," मालसुन म्हणाली. तिनं पिशवीतून एक जाडजूड पांढरा मुळा काढला, परातीत बुडवला, वडीनं चांगला घासला आणि पिवळ्या कागदावर आपटला.

कागद लालभडक!

"आता सांगा बोसालबाई, या मुळ्याच्या अंगात कोण आलं? याची सासू कोण?"

कुणीतरी फिसकन हसलं. बोसालबाई डगमगली नाही. "तो मुळा मेलेल्या माणसाच्या शेतातला आहे! मातीतून—"

काही माना डोलल्याही. माणसाला पटवून घ्यायचं असलं की मुळ्यालाही पूर्वज मिळतात.

"बरं," मालसुन म्हणाली. "मग तुम्हीच धुवा. तुमच्या हातात तर देव आहे. ही माझी वडी. धुवा आणि टेकवा."

बोसालबाईनं हात बाह्यांत ओढून घेतले.

"धुवा ना," ओट्यावरचा एक म्हातारा म्हणाला.

"धुवा!" दुसऱ्या बाजूनं आवाज आला. मग सगळं अंगण ओरडू लागलं. बोसालबाई चटई गुंडाळू लागली. तिच्या डोळ्यांत पहिल्यांदाच भीती दिसली. दुपारच्या बोटीपर्यंत तिच्याबरोबर कुणी बोललं नाही. पिंप मात्र डॉक्टरांनी ठेवून घेतलं.

"ऐका," ते पिंपावर हात ठेवून म्हणाले. "तपासणीचा निकाल आला आहे. साध्या बाटलीबंद साबणात तिनं विहिरीचं पाणी घालून घालून ते वाढवलं. उघड्या पिंपात ते दिवसेंदिवस साचलं आणि त्यात जंतू वाढले. तेच पाणी तुम्ही जखमांवर ओतलंत. घरातल्या सगळ्यांनी एकच वडी वापरली, एवढ्यानं कुणी आजारी पडतं असं नाही. वडी वापरताना पाण्यानं धुतली जाते, तिच्यावर कुणाचं काही राहिलं तरी ते वाहून जातं. फक्त ती पाण्यात लोळत ठेवू नका, कोरडी राहू द्या. कारखान्यातून बंद आलेली बाटलीही चांगलीच. पण पाणी घालून वाढवलेली, पुन्हा पुन्हा भरलेली नको. वडी की बाटली हा वादच नाही. हात धुवा, एवढंच."

गावातले लोक घरी गेले. कुणी शरमेनं, कुणी चरफडत. वाडगे लांबून ठेवणाऱ्या शेजारणी खोपटाकडे फिरकल्या नाहीत. मालसुन एकटी गेली.

ओकबुन दगडावरच बसली होती. सून जवळ येताच तिनं हात पाठीमागं लपवले.

"आई, ती हळद होती," मालसुन म्हणाली. तिनं सगळं सांगितलं. कागद, करी, शिरका, मुळा. म्हातारीनं ऐकून घेतलं.

"पोर?"

"वाचेल. हाताची दोन बोटं बहुतेक वळणार नाहीत."

ओकबुन रडली नाही. तिनं सोललेले, भेगाळलेले हात मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे पाहत राहिली. "मला वाटलं, असेलच माझ्यात काही. सगळे म्हणतात तर असेल. मग रोज घासत होते." थोडं थांबून ती म्हणाली, "तू कागदाला विचारलंस, सेबोमची आई. मला विचारलं नाहीस."

मालसुन तिच्यापुढं गुडघ्यांवर बसली. तिनं सासूचे हात हातात घेतले. ओकबुननं ते ओढून घ्यायचा प्रयत्न केला. बेटभर निर्दोष ठरलेल्या त्या म्हातारीचा स्वतःच्या हातांवर अजून विश्वास बसत नव्हता. मालसुननं ते सोडले नाहीत. डॉक्टरांनी दिलेलं मलम ती हळूहळू, एकेका बोटाला लावत राहिली.

रंग कसा बदलला हे शोधायला एक खरकटा कोट पुरला. मोठी विद्या लागली नाही. लागली ती एकच गोष्ट, जी पहिल्या दिवशी अंगणातल्या एकानंही केली नाही: "असं का होतं?" हा प्रश्न. कुणी तुम्हाला चमत्कार दाखवला, तर तो प्रश्न विचारा. आणि त्या चमत्काराच्या भरवशावर कुणी तुमच्याच घरातल्या माणसाकडे बोट दाखवलं, तर आधी त्या माणसाला विचारा. देव खरा असेल तर प्रश्नानं रागावणार नाही. आणि जो रागावतो, त्याचं पिंप उघडून बघा.