कसलीबी चालंल

शुक्रवार पेठेत इमामबीच्या हातून बांगड्या भरल्या नाहीत अशी बाई शोधून सापडली नसती. बाईचा पंजा दाबून बांगडी पुढं सरकवताना इमामबीचं तोंड चालूच असे, आणि तिचा निसार मॅट्रिक झाल्यापासून त्या तोंडात एकच विषय. "वैनी, आमच्या निसारला कुठंतरी चिकटवा की! कसलीबी नोकरी चालंल, फकस्त खुर्ची पायजे." बांगडी अंगठ्याशी अडकलेली, हात इमामबीच्या मुठीत. अशा वेळी नाही म्हणायची कुणाची छाती? सगळ्या "बघतो की" म्हणून सुटायच्या. आता असं म्हणावं आणि विसरावं, ही जगरहाटी. पण कोल्हापूरच्या बायका त्या! शब्द दिला म्हणजे दिला.

ईद झाली आणि एकाच आठवड्यात तीन निरोप आले. झुंबरबाईच्या दिराच्या गुळाच्या अडतीवर हिशेबाला माणूस हवा होता. चिमणाबाईच्या भावानं गारगोटीच्या शाळेत कारकुनाची जागा बघून ठेवली होती. आणि तानाबाईचे मालक गणपतराव यांना उद्यमनगरातल्या वर्कशॉपचं ऑफिस सांभाळायला पोरगा पाहिजे होता. तिघींचंही म्हणणं एकच, सोमवारी निसार हजर पाहिजे.

"या अल्ला!" इमामबी मटकन खाली बसली. "एकीला व्हय म्हणलं तर दोघी तोंड फिरवणार. गिऱ्हाईक गेलंच म्हणायचं. निसार, तूच सांग बाबा, कुठं जातोस?"

"तू म्हणशील तिथं," निसार म्हणाला.

पोरगा म्हणजे गरीब गाय. हे पाहिजे, ते नको, असं जन्मात कधी म्हणाला नव्हता. ईदचं कापडसुद्धा आई आणील ते. लोक कौतुक करायचे, किती गुणाचं पोर! गुण कसला डोंबलाचा? आपल्याला काय पाहिजे तेच त्याला ठाऊक नव्हतं. आज मात्र त्याला प्रश्न पडला. जन्मभर एका जागी बसायचं, आणि ती जागा कोण्या वैनीच्या बांगडीवर ठरायची?

"अम्मा, मी आधी तिन्ही ठिकाणं बघून येतो."

"नोकरी म्हंजे काय पोरगी हाय व्हय, बघायला जायाला?"

"पोरगी एकदा बघू तरी देतात," तो म्हणाला. आपण उलट बोललो याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं.

अडतीवर माणसं चांगली होती. गादी मऊ, चहा गोड, वर गुळाचा खडाही मिळाला. पण निसारला जांभया आवरेनात. गारगोटीची शाळा छान होती, हेडमास्तर तर देवमाणूस. तरी खरं सांगायचं तर त्याला शाळेपेक्षा एस्टीचा प्रवासच जास्त आवडला.

उद्यमनगरात गणपतराव अजून यायचे होते, म्हणून तो दारातच थांबला. आत जोतीराम टर्नर लेथच्या मशीनवर काम करत होता. लोखंड गरगर फिरत होतं, चकचकीत कीस वेटोळी घेत खाली पडत होता, आणि गंजका तुकडा बघता बघता गुळगुळीत होत होता. निसार एकेक पाऊल पुढं सरकत गेला.

"पावणं, मागं सरा! डोळा जाईल!" जोतीराम ओरडला.

निसार मागं सरला आणि घटकाभरात पुन्हा पुढं आला. जेवणाची सुट्टी झाली तेव्हा त्याला कळलं, भाकरीची आपल्याला आठवणच झाली नाही.

गणपतराव आले. "खुर्ची तयार हाय तुझी. पंख्याखाली!"

निसारनं लेथकडं बोट दाखवलं. "खुर्ची नको. मला लेथवर घ्या. शिकाऊ म्हणून."

"मॅट्रिक होऊन हात काळं करणार? तुझी आई मला सोडंल व्हय?"

"अम्माचं मी बघतो," निसार म्हणाला. अशी भाषा त्याच्या तोंडून आजवर निघाली नव्हती.

घरी इमामबीनं आकाशपाताळ एक केलं. "पंखा सोडून मशीन? डोकं फिरलंय तुझं!"

"अम्मा, हिरवी भरू का लाल, हे तू परक्या बायकांना विचारतीस. मला कधी विचारलंस?"

इमामबीनं पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं. तिला वाईट वाटलं, आणि पोराला तोंड फुटलं म्हणून बरंही वाटलं.

"बरं, आता विचारतो. काय पायजे तुला?"

"लेथ."

"मग जा. त्या दोघींचं मी निस्तारतो."

चिमणाबाई फुगून बसली. झुंबरबाईच्या दारात तर इमामबी चप्पल न काढताच सगळं सांगून मोकळी झाली. पण सगळं ऐकून झुंबरबाईनं मोठा सुस्कारा सोडला. "सुटलो बाई! दीर विचारत हुता, पोराला हिशेबाची आवड हाय का? मी दिलं ठोकून, लई हाय म्हणून. मला तरी काय ठावं!"

दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

"मग शेवटी कुठं लावलास त्याला?" झुंबरबाईनं विचारलं.

"मी न्हाय लावला, वैनी," इमामबी ताठ बसत म्हणाली. "त्याचा त्यो लागला."