मुठीच्या आमटीचं भगुनं

मी भगुनं बोलतोय. जर्मलचं. जर्मल म्हणजे काय ते मला विचारू नका, शेवगावच्या बाजारात ज्याच्या दुकानात मी टांगलेला होतो तोसुद्धा ठामपणे जर्मलच म्हणायचा. शहाणी माणसं ॲल्युमिनियम म्हणतात. म्हणू देत. मला एका म्हातारीपुढं तोंड उघडायचं आहे आणि तेच जमत नाही, म्हणून तुमच्यापुढं बोलायला बसलोय.

म्हातारी कसली, मला घेतलं तेव्हा साळूबाई चांगली धट्टीकट्टी होती. दुकानात तिनं मला बोटानं वाजवून पाहिलं, कडेनं चाचपलं, आणि दुकानदाराला बजावून सांगितलं की हे उपासाचं भगुनं हाय, ह्याच्यात कुणी मटण शिजवून आणलेलं नको. दुकानदार हसला. कोरं करकरीत भांडं, त्यात कोण कशाला मटण शिजवील! पण बाई अशीच. एकदा डोक्यात घेतलं की घेतलं.

आमची वस्ती ख्रिस्ती लोकांची. राखेच्या बुधवारी फादर कपाळाला राख लावतात, तिथून ईस्टरपर्यंत वशाट बंद. घरोघरी मटणाची भांडी माळ्यावर जातात आणि साळूबाईच्या घरात मी माळ्यावरून खाली येतो. वर्षभर आराम आणि उपासात राबायचं, असं माझं उलटं नशीब.

राबणं म्हणजे मुठीची आमटी. गुरुवारी तिन्हीसांजेला प्रत्येक घरातून मूठभर कडधान्य यायचं. कुणाची मटकी, कुणाचे हुलगे, कुणाची चवळी, ज्याच्या घरात जे असेल ते. सगळं माझ्यात एकत्र भिजत पडायचं. शुक्रवारी चर्चच्या आवारात तीन दगडांवर मला चढवायचे, आणि क्रूसाची वाट ही उपासातली प्रार्थना संपवून माणसं बाहेर आली की घरच्या भाकरीबरोबर आमटी. स्वस्तात पोट भरायचं आणि कुणाची मूठ मोठी, कुणाची लहान, हे एकदा शिजल्यावर कळायचंच नाही. ज्यांच्या घरी चूल पेटायची मारामार, तेही ताठ मानेनं दुसऱ्यांदा वाढून घ्यायचे. मला ह्याचा फार अभिमान होता. अजून आहे.

चव सगळी साळूबाईच्या काळ्या मसाल्याची. उन्हाळ्यात ती मिरच्या वाळवायची, खोबरं भाजायची, कुटायची, शिंका देऊन देऊन बेजार व्हायची. तो मसाला वर्षभर पुरायचा. पुडीतला मसाला तिच्या घरात कधी आला नाही.

मग दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात तिच्या रविराजला कावीळ झाली. एकुलता एक पोरगा, टेम्पो चालवायचा, लग्नाचं बघत होते. कावीळ पोटात उतरली आणि नगरच्या दवाखान्याच्या खेपा सुरू झाल्या. त्या धांदलीत कसला मसाला नि कसलं काय. गेल्या वर्षी राखेचा बुधवार आला तेव्हा पोरगा दवाखान्यातच होता. त्याच्यापाशी बहिणीला बसवून साळूबाई दर गुरुवारी एसटीनं गावाकडं यायची, ती फक्त आमटीसाठी. मला घासताना तिनं देवाला सांगितलेलं मी ऐकलं. एकही शुक्रवार चुकवणार नाही, वस्तीचा उपास नीट पार पाडीन, माझ्या रवीला उठव.

शेवटच्या शेवटच्या एका शुक्रवारी जुन्या मसाल्याचा डबा खरवडूनही रिकामा निघाला. तिनं वाटेतल्या दुकानातून पुडी घेतली. मसाला दे, एवढंच म्हणाली. दुकानदारानं हाताला आली ती दिली. बाईला वाचता येत नाही आणि डोक्यात सगळा दवाखाना. पुडी फोडली, माझ्यात ओतली.

आमटी झाली झकास. लोक बोटं चाटत होते. शेजारची भारती चुलीपाशी बसली होती. ही भारती म्हणजे मोठी गमत्या बाई, मनात पाप नाही पण जीभ गप्प राहत नाही. जाळात टाकायला म्हणून तिनं रिकामी पुडी उचलली, तिच्यावरचं चित्र पाहिलं आणि म्हणाली, "मावशी, उपासात कोंबडी चारली व्हय आमाला?"

सगळे खो खो हसले. साळूबाईची पळी माझ्यातच थांबली.

"काय लिवलंय त्याच्यावर?"

"चिकन मसाला," भारती म्हणाली, पुडी जाळात टाकली आणि आणखी आमटी वाढून घेतली. घरी जाईपर्यंत ती हे विसरूनही गेली असेल.

अहो, धने होते! धने, मिरची, हळद, दोनचार लवंगा. नाव कोंबडीचं, आत कोंबडीचं पीसही नाही. मी भांडं आहे, माझ्या अंगात काय शिजलं ते मला नाही कळणार तर कुणाला? वशाट मला आजवर शिवलेलं नाही. पण साळूबाईला ते कोण सांगणार? तिनं कोंबडीचं नाव ऐकलं, आणि तिच्या लेखी तिनं सगळ्या वस्तीचा उपास मोडला.

ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी रविराज गेला.

माती झाली, माणसं पांगली. मग ती मला घेऊन मोरीत बसली आणि राखेनं घासत सुटली. हात सोलले तरी थांबेना. घासता घासता म्हणत होती, "म्या बाटवलं सगळ्यांना. माझ्यामुळं गेलं माझं लेकरू." पुढंही हेच, पुन्हा पुन्हा. फादरपाशी पाप सांगायला गेली पण तोंड उघडलं नाही, हेही तिनं मलाच सांगितलं. दुसऱ्या कुणाला एक शब्द नाही. भारती रोज भाकरी घेऊन यायची, गळ्यात पडून रडायची. तिच्यापाशीही नाही.

मी आतल्या आत किती ओरडलो म्हणून सांगू! पण भांड्याला कुणी वाजवल्याशिवाय आवाज नसतो.

ह्या वर्षी उपास लागले. पहिल्याच गुरुवारी भारती पदरात मूठभर मटकी घेऊन दारात आली. मावशी, भगुनं काढ, माणसं वाट बघत्यात, म्हणाली. साळूबाई मान वर न करता म्हणाली, "ते भगुनं बाटलंय. तुमी आपापल्या घरी करा."

 मला वाटलं, आता भारती विचारील. पण तिला वाटलं असावं, दुःखानं बोलतेय, कशाला खपली काढा. डोळे पुसत मटकी परत घेऊन गेली.

आता शुक्रवारी सगळे आपापल्या घरी खातात. ज्यांच्या घरी काही नसतं ते काय खातात, देव जाणे. साळूबाई मिठाशी भाकरी खाते, तीही अर्धी टाकते. दिवसेंदिवस वाळत चालली आहे. मला तिनं अंगणात, भंगारवाल्याच्या वाटेवर, पालथं घालून ठेवलंय. तो आला की मी जाईन, वितळेन, दुसरं काहीतरी होईन. त्याचं मला काही नाही. पण मी गेलो की तिच्या मनातलं माहीत असणारं ह्या वस्तीत कुणी उरणार नाही.

भारती रोज पाण्याला जाताना माझ्यापासून दोन हातांवरून जाते. आज तर हंडा टेकवायला माझ्याच बुडावर थांबली होती. भारते, माझे बाई, तुला दुसरं काही करायचं नाही. आत जा आणि तिला एवढंच विचार, मावशी, भगुनं कशानं बाटलं?