दोन घरं, एक फ्यूज

नळदुर्गात मोंढ्यामागं कल्याणप्पाचं घर होतं. शेजारची कापसाची जिनिंग आपल्या डायनामोवरून आसपासच्या घरांना दिवेलागणीपासून जेवणं होईतोवर लाईट द्यायची. जर्मनची लढाई चालू होती, घासलेट कंट्रोलात गेलेलं. त्यामुळं त्या पिवळ्या दिव्यांचं फार कौतुक. त्या संध्याकाळी इंजिनाचा आवाज सुरू झाला, दिवे लागले, आणि फट् आवाज होऊन लगेच गेले.

"हे त्याचंच काम," कल्याणप्पा भिंतीकडं बघत म्हणाला.

'तो' म्हणजे धाकटा भाऊ मल्लिनाथ. मागच्या उन्हाळ्यात दुकानाच्या वाटणीवरून दोघं भांडले, घराच्या मधोमध भिंत उभी राहिली आणि बोलणं बंद झालं. पण खांबावरून येणारी तार एकच राहिली. ती कल्याणप्पाच्या ओसरीतल्या फ्यूजवर यायची आणि तिथून एक फाटा भिंतीवरून मल्लिनाथकडं जायचा.

कल्याणप्पानं फ्यूज बदलला. उडाला. पुन्हा बदलला, पुन्हा उडाला. मग त्यानं चिडून फ्यूजात तांब्याची जाड तार भरली आणि मेनचा खटका वर केला. ठिणग्या उडाल्या, तिकडं जिनिंगचं इंजिन कण्हायला लागलं, आणि थोड्या वेळात जिनिंगचा गफूर मिस्त्री ओरडतच दारात आला.

"सावकार, घर जाळायचं हाय का? माझं इंजिन बसाय लागलं तिकडं!"

त्यानं मेन पाडला, तांब्याची तार उपटून फेकली, फ्यूजची बारीक तार घातली आणि घरातली सगळी बटनं बंद करायला लावली. मेन वर केला. फट्.

"बटनं बंद असून उडतंय. म्हंजी दिव्यात खोट न्हाय, तारेत हाय. भावाचा फाटा सोडून बघाय पायजे."

"सोड. कायमचा सोड!"

"त्यांना इचारल्याबगैर? म्या न्हाय सोडत. उद्या माझ्या नावानं बोंब मारतील. पहले तुमी दोघं बोला." गफूरनं फ्यूजच्या तारेचं भेंडोळं कल्याणप्पाच्या हातात कोंबलं. "इंजिनापाशी कुणी न्हाय, म्या चाललो."

कल्याणप्पा ओसरीत तसाच बसून राहिला. शेवटी त्याची बायको रुद्रम्मा माळवदावर चढली आणि भिंतीवरून जावेला हाक मारली.

"इरम्मा! वर ये गं."

इरम्मा आली ती तणतणतच. "अक्का, आमचे दिवे का घालवले? भावजींनी मुद्दाम तार तोडली म्हनत्यात हे."

"अगं, आमी तरी कुठं उजेडात हाव? आमी बी अंधारातच बसलोय की! मिस्त्री म्हनतोय, तुमचा फाटा सोडून बघाय पायजे."

इरम्मानं वाकून खाली त्यांच्या अंधाऱ्या ओसरीकडं बघितलं. खालून मल्लिनाथचा आवाज आला, "सोडा म्हणावं फाटा. खोट आमच्यात निघती का बघू दे एकदाची."

रुद्रम्मा खाली उतरली. कल्याणप्पानं मेन पाडून फाटा सोडला. फ्यूजात नवी तार घातली, मेन वर केला. फट्.

"काय झालं, अक्का?" वरून इरम्मानं विचारलं.

"उडाला," रुद्रम्मा म्हणाली.

भिंतीमागं कुणीतरी मुद्दाम खाकरलं. कल्याणप्पाचं तोंड लाल झालं. "तारच नकली हाय. वायरवाल्यानं फसवलं."

रुद्रम्मानं कंदील घेतला आणि भिंतीवरच्या तारेच्या लाकडी पट्टीमागोमाग निघाली. सैपाकघर, देवघर, कोठीची खोली. कोठीच्या खिडकीतून एक तार बाहेर गेलेली दिसली.

"ही कुठं गेली?"

कल्याणप्पानं खिडकीकडं पाठ केली.

"अवो, इचारतीय म्या."

"गोठ्यात. म्हैस व्यायला झाली तवा जोडली. उजेड नको व्हता का?"

"बटन कुठाय हिचं?"

"बटन न्हाय. इंजिन चालू की दिवा चालू."

गोठ्यात तार मेढीच्या खांबाला बांधलेली होती. म्हशीनं मान घासघासून तारेवरचं कापड फाडलं होतं, आणि दोन्ही तारा उघड्या पडून एकमेकींना चिकटल्या होत्या.

"गफूरनं सगळी बटनं बंद करायला लावली, आन ही आठवली न्हाय तुमाला?"

"चार दिसांपासनं तिथला दिवा लागत नव्हता. वाटलं, बल्ब गेला."

रुद्रम्मानं कपाळावर हात मारला. कल्याणप्पानं खिडकीपाशी गोठ्याची तार सोडली आणि फ्यूज भरला. तो मेनला हात लावणार तोच ती आडवी आली. "आधी त्यांचा फाटा जोडा."

तो पुटपुटत राहिला, पण जोडला. मेन वर केला. दिवे लागले. दोघंही श्वास धरून फ्यूजकडं बघत राहिले. टिकला.

"जावा, सांगा त्यांना."

"त्याला दिसत न्हाय का?"

"जावा म्हनते ना!"

कल्याणप्पा भिंतीपाशी गेला. "लाईट आली."

"दिसतंय," पलीकडून मल्लिनाथ म्हणाला. मग जरा थांबून, "कुठं व्हती खोट?"

"म्हशीनं तार घासली."

"गोठ्यात तार नेली कुणी, अण्णा?"

कल्याणप्पा इकडंतिकडं बघायला लागला. "त्यांनीच!" रुद्रम्मा मोठ्यानं म्हणाली. माळवदावर इरम्मा खुदकन हसली.

"तसं वाटलंच मला. सकाळी येतो, नीट जोडून देतो. तुमाला तारंतलं काय कळत न्हाय."

"मला कळत न्हाय? आन तुला कळतंय व्हय रं?"

"तुमच्यापरीस बरं कळतं!"

दोघांचे आवाज चढायला लागले. वर्षभराचं बोलणं साठलेलं असेल. जिनिंगचं इंजिन बंद व्हायच्या आत भाकरी उरकायला हव्यात म्हणून रुद्रम्मा चुलीकडं वळली.