दर रविवारची दहा मिनिटं

मित्रांनो, मी दोन इंजिनांचं, सहा खुर्च्यांचं एक जुनं विमान आहे. तुम्ही मला विकत घ्यायला आलात आणि मघापासून माझ्या रंगाचं कौतुक करताय. करा बापडे. मला आता त्याचं काही वाटत नाही. पण दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. तेव्हा आधी माझं ऐका.

कारखान्यातून निघाल्यावर बावीस वर्षं मी टपाल वाहिलं. रोज दोन फेऱ्या. सीटा फाटल्या, रंग उडाला, पण इंजिनं ठणठणीत होती. वैमानिक म्हणायचे, "म्हातारं आहे, पण कामाला वाघ!" तेव्हा मला फार आनंद व्हायचा.

टपालाचं काम संपल्यावर एका जोडप्याने मला घेतलं. दोघंही दातांचे डॉक्टर, दोघांनाही विमान चालवता यायचं. माणसं सोन्यासारखी. त्यांनी मला रंगवलं, खिडक्यांना पडदे लावले. नव्याचे नऊ दिवस आम्ही खूप उडालो. मग त्यांना दवाखान्यातून सवड मिळेना. तरी दर रविवारी दोघं यायची, दोन्ही इंजिनं जागच्या जागी दहा मिनिटं चालवायची, मला पुसायची आणि हँगरचं दार लावून घरी जायची.

"वर्ष झालं, एकही रविवार चुकवला नाही," बाईंनी मेकॅनिकला अभिमानाने सांगितलं.

त्याने कपाळाला हात लावला. "अहो मॅडम, दहा मिनिटांत ऑइल नीट तापतही नाही! आतला ओलावा आतच राहतो आणि गंज धरतो. चालवायचं तर तासभर उडवा. आणि आता इंजिनं उघडून बघितल्याशिवाय उडू नका."

"दोन इंजिनं आहेत की," नवरोबा हसले. "एक रुसलं तर दुसरं आहेच!"

त्याच आठवड्यात त्यांना सुट्टी मिळाली. टाक्या काठोकाठ भरल्या, सामान कोंबलं, बाई चालवायला बसल्या, आणि नवरोबांची आई मागे बसली. ती विमानात पहिल्यांदाच बसत होती. माझं डावं इंजिन बिघडलंय हे मला कळत होतं, पण सांगणार कसं?

चाकं जमीन सोडणार, तोच डावं इंजिन खोकलं आणि बसलं. मी डावीकडे ओढला गेलो.

"दुसरं आहे ना! उचल, उचल!" नवरोबा ओरडले.

एवढं ओझं एकट्या उजव्या इंजिनाला पेलणार नव्हतं. बाईंना ते कळलं. त्यांनी उजवंही इंजिन बंद केलं आणि जीव खाऊन ब्रेक दाबले. कुंपण मोडून मी गवतात थांबलो. पुढचं चाक निखळलं. कुणाला खरचटलंही नाही.

"पोहोचलो का रे?" आईने विचारलं.

पुढे मेकॅनिकने इंजिनं उघडून दाखवली. गंजाने आतून खाल्ली होती. बाईंनी गंजावरून बोट फिरवलं.

"मी तर किती जपलं हो याला," एवढंच म्हणाल्या. नंतर दोघंही परत आली नाहीत. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

मित्रांनो, माझं चाक दुरुस्त झालंय, इंजिनं दुसरी बसवली आहेत. तुमच्याकडे आठवड्याला उडण्यापुरता मोकळा वेळ असेल, तरच मला न्या. प्रेम नसलं तरी चालेल.