आडनावाच्या जागी टिंब

माझ्या ताईचं नाव इतकं सर्रास आढळतं की भर रस्त्यात उभं राहून त्या नावाने हाक मारली तर चार-पाच जणी वळून बघतील आणि एखादी रागावेलही. तिच्या वर्गात त्या नावाच्या पाच मुली होत्या. आईला विचारलं तर म्हणायची, "तेव्हा चांगलं वाटलं, ठेवलं." सोमवारी सकाळी तेच नाव मी आमच्या प्रबंध-संग्रहाच्या शोधखिडकीत टाकलं. चार हजार एकशे सात नोंदी आल्या.

"आडनाव टाक की," ताई शेजारच्या खुर्चीतून म्हणाली.

"टाकलंय. त्या आडनावाखाली तू नाहीस."

"म्हणजे मी कुठे गेले?"

ती कुठे गेली ते मला चांगलं ठाऊक होतं. पण ते सांगायला तोंड उघडेना.

ताई कॉलेजात शिकवते, एकवीस वर्षं झाली. कुणीतरी निनावी तक्रार केली की हिने प्रबंध लिहिलेलाच नाही, पदवी बनावट आहे. पदवीचं प्रमाणपत्र आहे तिच्याकडे, पण हल्ली प्रमाणपत्रं कुठेही छापून मिळतात. म्हणून चौकशी समितीला मूळ प्रबंध हवा, विद्यापीठाच्या संग्रहातला, शुक्रवारी दुपारी बारापर्यंत. नाही मिळाला तर नोकरी गेली आणि वर खोटारडेपणाचा शिक्का. तिची स्वतःची प्रत एका विद्यार्थिनीने वाचायला नेली होती. ती परत आली नाही. आणि त्या संग्रहाची मी विभागप्रमुख. घरात सगळ्यांना वाटलं, झालंच काम, धाकटी आहे ना तिथे.

धाकटी होती, तिथेच तर घोडं पेंड खात होतं.

बावीस वर्षांपूर्वी मी इथे नोंदणीला लागले. प्रबंधांची जुनी कार्डं संगणकात भरायची, दिवसाला दोनशे. नाव लिहिलं की पुढे आडनावाचा रकाना. त्यात पहिलं अक्षर टाकलं की तो जुना डबा सगळ्या आडनावांची यादी उघडत बसायचा, अर्धा मिनिट पडदा गोठलेला. रकाना रिकामा ठेवला तर पुढे जाऊ द्यायचा नाही. तिसऱ्याच दिवशी मला शोध लागला की नुसतं टिंब दिलं तर तो मुकाट पुढे जातो. मग मी टिंबच देत गेले. शीर्षकाचे पहिले तीन शब्द, पुढचं कोण वाचतंय? वर्षाचा रकाना आपोआप भरायचा, चालू वर्षाने. इतर मुलींची दिवसाला एकशे वीस कार्डं व्हायची, माझी दोनशे दहा. साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं, सहा महिन्यांत मला कायम केलं, आणि त्यावरच आज मी प्रमुख झाले. दुसऱ्यांच्या नोंदीत वेलांटी चुकली तरी मी लाल शाईने लिहिते. आता काय बोलणार?

कार्डं नंतर रद्दीत गेली. प्रबंध स्कॅन होऊन शहराबाहेरच्या गोदामात पडले, खोक्यांवर फक्त नोंदक्रमांक. म्हणजे नोंद सापडली तरच खोकं सापडणार.

ताईच्या प्रबंधाचं शीर्षक 'एका विशिष्ट प्रकारच्या मातीतील पाण्याचा निचरा'. माझ्या कृपेने संग्रहात 'एका विशिष्ट प्रकारच्या' एवढंच. असे 'एका विशिष्ट प्रकारच्या' अकराशे निघाले. रोगांचे, खांबांचे, वाक्यांचे. त्यातल्या एकाही नोंदीपुढे नाव दिसेना, कारण नंतरच्या एका बदलीत नाव आणि शीर्षक वेगवेगळ्या तक्त्यांत गेले होते आणि एकत्र शोधायची सोय आमच्याकडे नव्हती. सोय करा म्हणून आलेला अर्ज मीच तीनदा नाकारला होता. गरज काय, म्हणून.

सोमवार, मंगळवार, बुधवार आम्ही दोघी एकेक स्कॅन उघडत बसलो. एक उघडायला दोन मिनिटं. खोलीला खिडकी एकच, तीही जिन्याकडे उघडणारी. ताई डबा आणायची, माझ्यासाठीही. "तू जेव आधी," म्हणायची, आणि मी पुढचा स्कॅन उघडायची.

"कोण गं असेल तो गाढव?" बुधवारी ती म्हणाली. "आडनावाच्या जागी टिंब! हात कसा धजावला?"

"असेल कुणीतरी," मी म्हटलं. "तेव्हा खूप मुली होत्या."

खूप मुली होत्या हे खरंच होतं. टिंब देणारी मी एकटी होते, हेही खरं होतं. शोधखिडकी विरामचिन्हं धरत नाही, म्हणून टिंबावरून शोधता येत नव्हतं. पण सुटकेचा रस्ता त्यातच होता, हे मला सोमवारी सकाळीच कळलं होतं. प्रत्येक नोंदीमागे ती कुणी भरली त्याचा क्रमांक लपलेला असतो. माझ्या क्रमांकाने चाळणी लावली की चार हजारांतल्या शे-सव्वाशेच उरतील. पण तो रकाना कुलूपबंद. उघडायला संचालकांची सही लागते आणि अर्जात लेखी कारण. या एका क्रमांकाच्याच नोंदी का हव्यात, ते लिहायचं. काय लिहू? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

मी रोज हिशेब मांडायचे की अजून इतके तास आहेत, नशिबाने सापडेलही. गुरुवारी दुपारी चार वाजेपर्यंत सातशे साठ झाले होते. ताईने चष्मा काढून डोळे दाबले आणि म्हणाली, "राहू दे आता. उद्या जाऊन सांगते त्यांना की नाही सापडला. तू तरी किती करशील माझ्यासाठी?"

मला ते ऐकवलं नाही. मी म्हटलं, "ताई, तो गाढव मीच."

तिला आधी कळलंच नाही. मग मी सगळं सांगितलं, टिंबापासून कायम होण्यापर्यंत, आणि त्या कुलूपबंद रकान्याचंही. तिने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"सोमवारपासून माहीत होतं तुला?"

"हो."

"अर्ज लिही," ती म्हणाली.

संचालकांनी अर्ज दोनदा वाचला. भला माणूस आहे, आवाज चढवला नाही. "बाई, अशा एकूण किती नोंदी?" मी म्हटलं, सर्व नावांच्या मिळून एकोणतीस हजार. त्यांनी सही केली, टोपण लावलं आणि म्हणाले, "उद्यापासून प्रमुखाच्या खुर्चीत बसू नका. तुमच्याबद्दल पुढचं विद्यापीठ ठरवेल." मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

चाळणी लावल्यावर एकशे एकवीस उरल्या. अडतिसावा स्कॅन उघडला आणि पहिल्याच पानावर ताईचं पूर्ण नाव, टाइपरायटरच्या ठळक अक्षरांत. मला रडू फुटलं. ताई रडली नाही. तिने पूर्ण प्रबंध पानापानाने बघितला, तक्ते, मातीचे नकाशे, शेवटची यादी. मग नोंदक्रमांक कागदावर उतरवून घेतला.

कुलूप उघडल्यामुळे पडद्याच्या कडेला आणखी दोन रकाने दिसत होते. नोंद सुरू केल्याची वेळ आणि संपवल्याची वेळ. ताईने त्यावर बोट ठेवलं.

"एकोणीस सेकंद," ती म्हणाली.

मी माऊसवरचा हात काढून घेतला.

"पाच वर्षं लागली होती मला. शेवटचं वर्ष तर तुझ्याच खोलीत बसून लिहिलं. तू अभ्यासाला बसायचीस पलंगावर, मी टेबलाशी." तिचा आवाज अजूनही शांत होता, त्याचीच भीती वाटत होती. "माझं कार्ड हातात आलं तेव्हा तुला कळलंसुद्धा नाही?"

खोटं बोलता आलं असतं. आठवत नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"नाही," मी म्हटलं. "मी वाचतच नव्हते."

तिने कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. रिकामा डबा उचलला, माझाही. आमच्या घरात निघताना कुणी 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतात, आणि ताई तर त्या बाबतीत आईपेक्षा कडक.

"जाते," ती म्हणाली, आणि जिना उतरून गेली.