पणजोबांच्या खाचरात क्रूज

कुपनावरचं जहाज सात मजली होतं. वर पोहायचा तलाव, तलावात गोरी माणसं आणि खाली मोठ्या अक्षरात 'फॅमिलीसोबत ख्रिसमस क्रूज'. महाळुंग्याला आमच्या ऑफिसात नाताळच्या चिठ्ठ्या काढल्या, त्यात मला हे निघालं. बाकीच्यांना कॉफीचे मग मिळाले. मी त्यांच्याकडे दयेनं बघितलं होतं, हे आता आठवलं की लाज वाटते.

प्रत्यक्षात जहाज मुळशी धरणात, एका रिसॉर्टच्या काठाला होतं आणि त्याला मजले दीड होते. खाली निळे ड्रम, ड्रमांवर पत्रा, पत्र्यावर प्लास्टिकच्या खुर्च्या आणि अर्ध्या भागावर एक माचा, जिथं सेल्फी काढायची. नाव होतं 'लेक क्वीन'.

"ही बोट व्हय?" आबा म्हणाले. "मला वाटलं, ही आपल्याला बोटीपत्तुर न्यायला आलीया."

आबा म्हणजे माझे वडील, म्हसू. बासष्ट मेंढरं आणि एक शेळी, चंद्री. ह्या कळपाला सोडून ते माझ्या बारशालाही थांबले नव्हते, हे आई अजून ऐकवते. त्यांना क्रूजवर आणायला मी तीन आठवडे घासत होते. शेवटी एका अटीवर तयार झाले: बोटीतून मेंढरं दिसली पाहिजेत.

दिसत होती. त्या आठवड्यात कळप रिसॉर्टच्या शेजारच्याच कापलेल्या भातखाचरात बसवला होता, खतासाठी. राखायला जालिंदर मामा होता, आईचा धाकटा भाऊ. आबांनी त्याला एकच गोष्ट चारदा सांगितली होती.

"पान्याकडं न्यायची न्हाईत. गाळ हाय."

"व्हय दाजी."

"मागल्या साली म्हस गेली हुती त्यात. दुसऱ्या दिशी नुसती शिंगं."

"व्हय वो दाजी! मी काय दूधपिता हाय का?"

तर आम्ही निघालो. चाळीसेक माणसं, बहुतेक सूस-बाणेरच्या सोसायट्यांमधली. सगळ्यांना लाल टोप्या वाटल्या. आबांनी फेट्यावरून घातली. आईनं पदराखालून घातली. उत्कर्षा नावाची एक मुलगी माइकवरून सगळ्यांना ओरडायला लावत होती आणि स्पीकरवर इंग्रजी गाणी इतकी मोठी होती की पत्रा थरथरत होता. आईनं केक खाल्ला, म्हणाली, "शिळा शिरा हाय, पन बरा हाय." आबांनी खाल्ला नाही. ते काठाकडं बघत बसले होते.

बोट चालवत होते एकनाथकाका. त्यांचं मूळ गाव धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. त्यांचा एक नेम होता. प्रत्येक फेरीला बोट ठरावीक जागी न्यायची, वेग कमी करायचा आणि पाण्यात खोबऱ्याचा तुकडा सोडायचा. का, तर तिथं खाली त्यांच्या पणजोबांचं भातखाचर. आज नाताळ म्हणून त्यांनी केकचा तुकडा आणला होता. मागच्या फेरीपासूनच्या आठ दिवसांत पाणी किती उतरलंय, हे मात्र पणजोबांच्या भक्तीत ध्यानात राहिलं नाही.

खर्रर्र झालं. खुर्च्या पुढं घसरल्या. एक काकू केकमध्ये गेल्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"बांध लागला," एकनाथकाका म्हणाले. तोंडावर काळजी नव्हती, चक्क अभिमान होता. "शंभर वर्सं पान्याखाली हाय, पन बघा, ढेकूळ हललं न्हाई! ह्येला म्हंत्यात बांध!"

त्यांनी इंजिन पुढं घेतलं, मागं घेतलं. ड्रम बांधावर चढून बसले होते. दुसऱ्या बोटीचं इंजिन दुरुस्तीला पौडला गेलेलं. काठ हाकेच्या अंतरावर, मध्ये थोडं पाणी आणि बाकी सगळा तो गाळ. उत्कर्षानं माइकवर सांगितलं की ही 'सरप्राइज हॉल्ट' आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"आणि आता," ती म्हणाली, "तुमच्या भेटीला किनाऱ्यावरून येतोय... सांता!"

काठावर लाल कपड्यातला माणूस दिसला. पोट सुटलेलं, कापसाची दाढी, पाठीवर पोतं, हातात घंटा. ठणाण ठणाण वाजवत रिसॉर्टच्या हिरवळीवरून चालला होता.

आईनं डोळे बारीक केले. "अवो... ह्या सांताची चाल आपल्या जालिंदरवानी न्हाई वाटत?"

आबा उत्तर द्यायच्या आत खाचराच्या कडेनं चंद्री हिरवळीवर आली. मान उघडी, रोजची घंटा गायब. तिच्या मागं बासष्ट मेंढरं.

बाकीचं नंतर कळलं, पण झालं होतं ते असं. खरा सांता पिरंगुटला पंक्चर होऊन बसला होता, म्हणून रिसॉर्टवाल्यांनी पोट बघून मामाला उचललं. भाड्याच्या ड्रेसबरोबर घंटा आली नव्हती. मामानं डोकं चालवलं आणि चंद्रीच्या गळ्यातली काढली. आता आमच्या कळपाला जन्मापासून एकच गोष्ट ठाऊक: ती घंटा जिकडं जाईल तिकडं जायचं. घंटा शेळीच्या गळ्यात आहे की सांताच्या हातात, हे मेंढरू बघत नाही.

रिसॉर्टनं ख्रिसमस ट्री पर्यावरणपूरक केलं होतं, म्हणजे सुबाभळीच्या फांद्या बांधून. ते जाता जाता संपलं. नुसता बांबू राहिला, टोकाला चांदणी. शेजारच्या, येशूच्या गोठ्याच्या देखाव्यात थर्माकोलच्या मेंढ्या होत्या. आमच्यातल्या एकीनं त्यातली एक चावून बघितली.

"वॉव, रिअल शीप!" बोटीवर मोबाइल वर झाले.

"आपण लाइव्ह अनुभव देतो," उत्कर्षा माइकवर म्हणाली. आवाज जरा चिरकला होता.

मामा हिरवळ संपवून काठाशी आला. बोट जवळ आलीय म्हटल्यावर गाळातून चालत जाऊन मुलांना चॉकलेट द्यायची, असं त्याच्या मनानं घेतलं. त्यानं पाय टाकला. मागं चंद्री.

आबा उठून उभे राहिले. तोंड उघडलं आणि हातानं स्वतःच घट्ट दाबून धरलं.

"आबा, ओरडा की! थांबवा त्यांना!"

त्यांनी मान हलवली. हात बाजूला न करताच पुटपुटले, "माजा आवाज आयकला तर पळत येतील. सरळ गाळात."

"मग आई, तू..."

"माज्याबी आवाजाला येत्यात गं. रोज म्याच तर पाला घालती."

मामाला फोन लावला. त्याच्या लाल पॅंटच्या आत त्याची खरी पॅंट, त्या पॅंटच्या खिशात फोन, आणि स्पीकरचं गाणं. उचलणार कोण?

आबांनी माझ्याकडं बघितलं. "तू वरड. दोन वर्सं झाली तुला तिकडं जाऊन. तुजा आवाज त्यास्नी वळखायचा न्हाई आता."

हे ते अगदी साधेपणानं म्हणाले. वाईट वाटून घ्यायला वेळ नव्हता. मी कठड्यावर चढले आणि होता नव्हता तेवढा जीव एकवटून ओरडले.

"मामा! मागं फिर! घंटा बंद कर!"

मामानं हात वर केला. भाची कौतुक करतेय म्हणून जोरात घंटा वाजवली. आणि चंद्रीनं मान वर केली. तिला मी बाटलीनं दूध पाजलं होतं. ती ओरडली, बें बें करत मामाला ओलांडून थेट माझ्याकडं निघाली.

"वळखलं की," आई म्हणाली. तिला रडावं की हसावं कळेना.

आबा खाली बसले. त्यांनी डोळे मिटले. मला नुसती शिंगं दिसायला लागली.

पण चंद्री बुडाली नाही. ती दोन पावलं डावीकडं सरकली, खुरानं चाचपलं आणि गुडघाभर पाण्यातून खट खट चालायला लागली. मागं एकामागं एक बासष्ट.

"बांधावरनं येत्यात!" एकनाथकाका नाचायला लागले. "माज्या पणज्याचा बांध! काठापत्तुर गेलाय त्यो!"

मामा बांधावर नव्हता. तो कमरेपर्यंत गेला आणि थांबला.

पाच मिनिटांत सगळा कळप क्रूजवर होता. मेंढरांनी अंग झाडलं, चाळीस माणसं भिजली. केक गेला, टोप्या गेल्या, उत्कर्षाच्या हातातला कार्यक्रमाचा कागद गेला. आबा एकेकीच्या पाठीवर हात ठेवून मोजत होते. बासष्ट भरल्यावर त्यांनी पहिल्यांदा श्वास सोडला. बोट वजनानं आणखी चार बोटं खाली बसली.

"आता ही येत्या पावसाळ्यापत्तुर हलत न्हाई," एकनाथकाका म्हणाले. वाईट वाटल्यासारखं काही दिसलं नाही.

उरला रस्ता एकच, बांध. आबा पुढं, त्यांच्या मागं चंद्री, कळप, आणि कळपामागं बूट हातात घेतलेली सूस-बाणेरची माणसं. अर्ध्यावर गेलो आणि बाजूच्या गाळातून घंटा वाजली. मामा मदतीला बोलवत होता. कळप जागच्या जागी त्याच्याकडं वळला. एक गृहस्थ मेंढीच्या गळ्यात पडले.

"जालिंदरा, घंटा वाजवू नगंस रं!" आई किंचाळली.

"मग मी हाय हे कळंल कसं?"

"दिसतुयास की मुडद्या, लाल! दाढी काढ आन् कोंब तिच्यात!"

मामानं दाढी घंटेत कोंबली. शांतता झाली. कळप पुन्हा सरळ लागला.

काठावर पोचलो. मेंढरं परत खाचरात जाऊन बसली. एकनाथकाका आलेच नाहीत, आपल्या खाचरात बसून राहिले. पौडवरनं जेसीबी निघाला होता, मामाला काढायला. तो नुसतं डोकं आणि दोन हात बाहेर ठेवून वाट बघत होता. लाल टोपी अजून डोक्यावर.

आबा गाळाच्या कडेला जाऊन उभे राहिले. तास-दीड तास तोंड दाबून धरलं होतं. आता कळप सुखरूप होता. त्यांनी छाती भरून घेतली.

"जालिंदऱ्या! भाड्या! तुला म्या चार येळा..."

मागं खडखड झाली. वळून बघितलं तर बासष्ट मेंढरं उठून उभी होती, आणि चंद्री पुढं होऊन पाण्याकडं निघाली होती.

आबांनी तोंड मिटलं.

"बोलू नगा," आई म्हणाली. "मेंढरं येत्यात."

आबा तिथंच उभे राहिले, मुठी आवळून, गप्प. गाळातून मामा म्हणाला, "दाजी, रागावला का काय?"